केंटकीची क्रीम कँडी: पाकाला रवा कधी धरू द्यायचा

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हाताने ताणून करतात ती जुन्या पद्धतीची क्रीम कँडी घरी करून पाहिली. एकदा ताणता ताणता हातातच भुगा झाला. दुसऱ्यांदा छान ताणली गेली, पण डब्यात दोन दिवस ठेवूनही टॉफीसारखी चिवटच राहिली. सामान तेच, कृती तीच. मग चुकतंय कुठे? शिवाय पहिल्यापासूनची नीट कृतीही हवी आहे.

दोन्ही बिघाडांचं मूळ एकच आहे. पहिल्या वेळी साखरेने रवा फार लवकर धरला, म्हणजे पाकातली विरघळलेली साखर पुन्हा कणांच्या रूपात जमली; दुसऱ्या वेळी धरलाच नाही. या कँडीत साखर, पाणी, क्रीम, थोडं लोणी, चिमूटभर मीठ-सोडा आणि सुगंधापुरता इसेन्स यापलीकडे काही नसतं. सगळं कौशल्य रवा कधी धरू द्यायचा यात आहे. पातेल्यात एकही कण नको, ताणताना अतिशय बारीक कणांची सुरुवात व्हायला हवी आणि उरलेलं काम डब्यात रात्रभरात आपोआप व्हायला हवं. खालची प्रत्येक पायरी याच हिशेबाने वाचा, म्हणजे कुठे हयगय चालते आणि कुठे अजिबात चालत नाही ते कळेल.

सामान

साखर ६०० ग्रॅम, पाणी २४० मिली, क्रीम २४० मिली, लोणी ३० ग्रॅम, मीठ पाव चमचा, खायचा सोडा चमच्याचा आठवा भाग, व्हॅनिला इसेन्स एक चमचा. लादीला आणि हाताला लावायला थोडं लोणी वेगळं ठेवा. यात साधारण पाऊण किलो कँडी होते.

साखर साधी पांढरी दाणेदार. ब्राउन शुगर नको: तिच्यातल्या मळीमुळे रवा धरायला अडथळा येतो. क्रीम ३५ टक्क्यांच्या आसपास फॅटचं, ताजं. कमी फॅटच्या क्रीममध्ये पाणी आणि दुधातली प्रथिनं जास्त असतात. ते आटायला वेळ घेतं, लवकर तपकिरी होतं आणि फाटण्याची शक्यताही वाढते. जरा आंबूस वास येणारं क्रीम तर मुळीच वापरू नका.

सोडा फुगवण्यासाठी नाही. क्रीममध्ये थोडा आंबटपणा असतोच, आणि पाणी आटत जातं तसा त्याचा जोर वाढतो. मग प्रथिनं फाटतात आणि पाकात पांढरे ठिपके दिसतात. शिवाय आम्लामुळे काही साखर तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं, आणि ते रवा धरू देत नाही. सोडा हा आंबटपणा मारतो. मात्र तो जास्त पडला तर दुधातली साखर आणि प्रथिनं यांची प्रक्रिया वाढून पाक तपकिरी होतो आणि कँडीला कॅरॅमलची चव येते. म्हणून आठवा भाग, पाव नव्हे.

कॉर्न सिरप (मक्यापासून केलेला गोड पाक), ग्लुकोज, मध, लिंबाचा रस, क्रीम ऑफ टार्टर (ही एक आंबट पूड, नावात क्रीम असलं तरी क्रीम नव्हे) या सगळ्यांना इथे मज्जाव. बहुतेक मिठायांत ही मंडळी पाकाला रवा धरू नये म्हणून घालतात, आणि आपल्याला तर शेवटी रवा हवाच आहे. अगदीच भीती वाटत असेल तर पहिल्या खेपेला एक मोठा चमचा कॉर्न सिरप घाला. पातेल्यातली धास्ती कमी होईल, पण डब्यात एका रात्रीऐवजी दोन-तीन दिवस लागतील. तुमच्या कृतीत सिरप होतं का, आणि दुसऱ्या खेपेला ते चुकून जास्त पडलं का, ते एकदा तपासा.

हवा आणि थर्मामीटर

पावसाळी, दमट दिवशी हा घाट घालू नका. केंटकीत ही कँडी थंडीत, नाताळच्या सुमारास करतात ते उगाच नाही. तिथला उन्हाळा चांगलाच दमट असतो. तापलेला घट्ट पाक हवेतलं पाणी ओढून घेतो, पृष्ठभाग चिकट होतो आणि कापलेले तुकडे एकमेकांना धरतात. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असेल तर निर्धास्त करा.

थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात घालून बघा. समुद्रसपाटीला तो १०० अंश सेल्सिअस दाखवायला हवा. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक अंश कमी होतो. तुमच्याकडे उकळतं पाणी ९८ दाखवत असेल, मग ते उंचीमुळे असो वा थर्मामीटरच्या खोटेपणामुळे, खाली दिलेल्या प्रत्येक आकड्यातून दोन वजा करा. या कँडीत दोन अंशांनी निकाल बदलतो, त्यामुळे हे पाच मिनिटांचं काम टाळू नका.

पातेल्यात

चार-पाच लिटरचं, जाड बुडाचं, उभ्या कडांचं पातेलं घ्या. एवढ्याशा मालाला ते मोठं वाटेल, पण क्रीम पडल्यावर पाक तिप्पट फुगतो.

साखर, पाणी आणि मीठ घालून मंद आचेवर ढवळत राहा, साखर पूर्ण विरघळेपर्यंत. उकळी त्यानंतर. चमच्यावर थोडा पाक घेऊन बोटांत चोळला तर एकही कण लागता कामा नये. मग आच वाढवा आणि उकळी फुटली की दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा. वाफेचं पाणी कडांवरून ओघळतं आणि तिथे चिकटलेले कण धुऊन निघतात. झाकण काढल्यावरही कुठे दाणे दिसले तर ओल्या ब्रशने पुसून घ्या. यापुढे ढवळणं बंद. कडेवरचा एक दाणा पाकात पडला तरी त्याच्याभोवती साखर भराभर जमत जाते, आणि तुमच्या हातात झालेल्या भुग्याची सुरुवात बहुधा अशाच एखाद्या दाण्याने झाली असावी.

दुसऱ्या भांड्यात क्रीम, लोणी आणि सोडा एकत्र करून हाताला चांगलं गरम लागेल इतपत तापवा. उकळू देऊ नका. पाक ११२ अंशांवर आला की हे क्रीम बारीक धारेने पाकाच्या मध्यभागी सोडायला लागा. धार इतकी बारीक हवी की उकळी क्षणभरही थांबता कामा नये. सगळं क्रीम पडायला सहा ते आठ मिनिटं लागतात. कंटाळून घाईने ओतलं तर तीन गोष्टी एकदम घडतात: तापमान कोसळतं, क्रीम बुडाशी बसून करपतं आणि तूप सुटतं. जुन्या कृतींत थंड क्रीम थेंबथेंब घालायला सांगितलेलं असतं. गरम क्रीमने तेच काम निम्म्या त्रासात होतं.

क्रीम पडून झालं की पारा काही अंश खाली आलेला असतो. तो पुन्हा चढेपर्यंत बराच वेळ रेंगाळतो, कारण क्रीममधलं पाणी आटायचं असतं. आच मध्यम ठेवा. ढवळायचं नाही हा नियम कायम आहे. जोराच्या उकळीने पाक आपोआप हलत राहतो. बुडाशी तपकिरी रेघा दिसायला लागल्याच तर स्वच्छ, कोरडा लाकडी चमचा तळावरून अगदी सावकाश फिरवा, कडांना न लावता. बुडबुडे आधी मोठे आणि फेसाळ असतात, पुढे ते लहान आणि जड होतात. ११८ नंतर आच कमी करा. इथून पारा भराभर चढतो, आणि आच मोठी राहिली तर बुडाला लागतो.

उतरवायचं १२६ ते १२७ अंशांवर. केंटकीतल्या कृतींत २५८ ते २६० फॅरनहाइट दिसतं ते हेच. हवा थोडी दमट असेल तर १२८. पातेलं उतरवल्यावरही बुडाच्या उष्णतेने पाक अर्धा अंश चढतो, हे धरून चाला.

या टप्प्याला पाकात साधारण ९२ टक्के घन पदार्थ आणि ८ टक्के पाणी उरतं. हे आठ टक्के फार मोलाचे. पाणी याहून जास्त राहिलं तर पाक ताणताच येत नाही, हातातून ओघळतो. १३२ च्या पुढे गेलात तर पाणी इतकं कमी होतं की पाक थंड झाल्यावर काचेसारखा थिजतो. आतले साखरेचे रेणू हलूच शकत नाहीत, मग रवा कसा धरणार? तुमच्या दुसऱ्या खेपेने रवा धरला नाही त्याचं हे एक संभाव्य कारण.

थर्मामीटरच्या जोडीला थंड पाण्याची परीक्षाही करा. वाटीभर थंड पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळा करा. पक्का गोळीबंद पाक हवा: गोळी पाण्याबाहेर काढल्यावर आकार धरून राहील आणि जोराने दाबली तरच चेपेल. पाण्यात वाकणारे कडक धागे व्हायला लागले तर तुम्ही पुढे गेलात.

लादीवर

संगमरवरी लादी ही या कँडीची खरी गरज आहे. केंटकीत फ्रँकफर्ट इथे १९१९ साली रुथ हॅन्ली आणि रेबेका गूच या दोन शिक्षिकांनी कँडीचा व्यवसाय सुरू केला तो संगमरवरी टेबलावरच. दगड जाड आणि थंड असल्याने पाकातली उष्णता झपाट्याने आणि सगळीकडून सारखी ओढून घेतो. पाक गरम असताना धरलेला रवा मोठा आणि खरखरीत होतो, म्हणून तो टप्पा लवकर ओलांडायचा असतो. ग्रॅनाइटही चालतो. ६०० ग्रॅम साखरेला ४५ बाय ६० सेंटिमीटरची, दोन सेंटिमीटर जाडीची लादी पुरते. दगड नसेल तर स्टीलचा मोठा ट्रे बर्फावर ठेवा, पण त्यावर पाकाच्या कडा फार लवकर घट्ट होतात, सारखं लक्ष ठेवावं लागतं.

बर्फ भरलेला ट्रे लादीवर अर्धा तास ठेवून ती गार करा, मग पूर्ण कोरडी पुसा आणि लोण्याचा अगदी पातळ हात फिरवा. पाक लादीच्या जवळून, एका सलग धारेत ओता. पातेलं खरवडायचं नाही. खरवडीतच दाणे असतात. पातेल्यात चार चमचे पाक राहिला तर राहू द्या, तो वेगळा खा.

आता व्हॅनिला वर शिंपडा. पेपरमिंट हवा असेल तर तेलाचे तीन-चार थेंब पुरे. पातेल्यात घातलं असतं तर सगळा सुगंध वाफेबरोबर गेला असता.

मिनिटभर हात लावू नका. कडा घट्ट व्हायला लागल्या की लोणी लावलेल्या पत्र्याच्या सरळ उलथण्याने त्या उचलून मध्यावर दुमडा. थोडं थांबा, पुन्हा दुमडा. कडा थंड आणि मध्य गरम अशीच स्थिती राहिली तर ताणताना गाठी येतात. असं तीन-चारदा केलं की गोळा एकसारखा, मऊ आणि जड होतो.

इथे जपा. वरून निवलेला वाटणारा पाक आतून भयंकर गरम असू शकतो, आणि तो त्वचेला चिकटून बसतो, झटकता येत नाही. शेजारी थंड पाण्याचं भांडं ठेवा, लहान मुलांना लांब ठेवा. गोळ्याची खालची बाजू बोटाने पटकन टेकून बघा. ती सोसवली तरच दोन्ही हातांनी उचला.

ताणणं

हातांना थोडंसंच लोणी लावा. जास्त लावलं तर घड्या एकमेकींना धरत नाहीत, दोरी फाटत राहते.

गोळा उचलून हातभर ताणा, मधे दुमडा, एक पीळ द्या, पुन्हा ताणा. लय संथ पण अखंड ठेवा. प्रत्येक घडीत थोडी हवा अडकते आणि पुढच्या ताणाला ती लांबट, बारीक होत जाते. पांढरा रंग येतो तो या हवेमुळे आणि नुकत्याच जन्मलेल्या साखरेच्या कणांमुळे. सुरुवातीला गव्हाळ, पारदर्शक, चकचकीत असणारा पाक पाच-सहा मिनिटांत हस्तिदंती होतो, पुढे पांढरट. एकटा माणूस असेल तर दहा ते पंधरा मिनिटं लागतात आणि खांदे भरून येतात. दोघं असाल तर गोळा अर्धा अर्धा वाटून घ्या.

कधी थांबायचं याच्या खुणा नीट बघा, कारण घड्याळ इथे उपयोगाचं नाही. चकाकी जाऊन साटीनसारखी मंद झळाळी येते. ताणताना पडलेल्या उभ्या रेघा आधी विरून जात होत्या, त्या आता तशाच टिकून राहतात. हाताला ओढ जाणवते, दोरी आपला आकार सोडत नाही. हीच वेळ. यानंतर आणखी वीस-पंचवीस ताण दिलेत तर झळाळी एकदम मरते, दोरी आखूड तुटायला लागते आणि भुगा होतो. तुमच्या पहिल्या खेपेत कडेचा दाणा नसेल तर मग हे झालं असणार. उलट, चकाकी असतानाच थांबलात तर आत पुरेसे कणच जन्मलेले नसतात, आणि डब्यात रवा धरायला कित्येक दिवस लागतात.

थांबल्यावर मात्र घाई करायची. दोन सेंटिमीटर जाडीच्या दोऱ्या ओढून लादीवर टाका आणि लोणी लावलेल्या कात्रीने लगेच तुकडे करा. दर कापाला दोरी पाव वळसा फिरवली की उशीच्या आकाराचे तुकडे पडतात. एकाने ओढावं, दुसऱ्याने कापावं हे उत्तम. दोरी कडक होऊन तुकडे फुटायला लागले तर तिला काही सेकंद आचेच्या उबेत धरा.

डब्यात

तुकडे पूर्ण निवू द्या, मग बटर पेपरच्या थरांमध्ये एकमेकांना न चिकटतील असे हवाबंद डब्यात रचा. खोलीच्या तापमानाला, २० ते २२ अंशांच्या आसपास, रात्रभर. फ्रिज नको: थंडीत रवा धरण्याचा वेग मंदावतो आणि बाहेर काढल्यावर दव बसतं.

सकाळी एक तुकडा मोडून बघा. चिवटपणा जाऊन तो सहज तुटायला हवा, जिभेवर विरघळायला हवा. बाहेरचा भाग भुसभुशीत आणि मधे अजून पारदर्शक ठिपका असेल तर आणखी एक दिवस द्या. डब्यात नेमकं काय होतं ते मजेशीर आहे. साखरेचा स्फटिक स्वतःमध्ये पाणी घेत नाही. म्हणजे जसजशी साखर स्फटिक होत जाते, तसतसं तिने सोडलेलं पाणी उरलेल्या पाकात जमतं. तो पाक पातळ होतो, रेणू मोकळे होतात आणि पुढचे स्फटिक आणखी सहज बनतात. प्रक्रिया एकदा सुरू झाली की स्वतःच वेग घेते. शेवटी राहतात ते असंख्य सूक्ष्म कण, त्यांच्यामधला थोडासा पाक, क्रीमचं फॅट आणि हवा. तोंडात जाणवणारा मलईदारपणा तो हाच. डबा हवाबंद हवा तोही यासाठी: हे पाणी आतच राहायला हवं.

बिघडलंच तर

पातेल्यातच रवा धरला तर फेकू नका. १०० मिली पाणी घालून मंद आचेवर सगळं विरघळवा, कडा धुवा आणि पुन्हा १२६ पर्यंत न्या. रंग थोडा गडद होईल, चव चांगलीच राहील. हातात भुगा झालेल्या मालावरही हाच उपाय, किंवा तो गरम असतानाच ताटात थापून वड्या पाडा. क्रीम कँडी नाही म्हणता येणार, पण वाया जात नाही.

पातेल्यात तूप सुटून वर तरंगायला लागलं तर आच कमी करून दोन-तीन चमचे उकळतं पाणी घाला आणि अलगद फिरवा. बहुतेक वेळा मिळून येतं. लादीवर सुटलं तर हाताने मळत राहणं एवढंच करता येतं, आणि तुकडे तेलकट लागतात.

डब्यात चिवट राहिलेल्या तुकड्यांचं कारण आधी ओळखा. तुकडा दातांना चिकटतो आणि दाबल्यावर पसरतो, तर पाक कच्चा राहिला होता: पाणी घालून पुन्हा आटवा आणि ताणा. तुकडा कडक आहे, आपटल्यावर फुटतो, तर पाक पुढे गेला होता. असे तुकडे पिठीसाखरेत घोळवा आणि डब्याचं झाकण काही तास किंचित उघडं ठेवा. हवेतला ओलावा आणि पिठीसाखरेचे कण मिळून बाहेरून आत रवा धरायला सुरुवात करतात. पूर्ण व्हायला काही दिवस लागतात. सिरप जास्त पडलं असेल तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही. ती टॉफी म्हणूनच खावी.

चॉकलेटचा लेप द्यायचा असेल तर तुकड्यांनी आतपर्यंत रवा धरल्यावरच. केंटकीतच माउंट स्टर्लिंग इथल्या रुथ हंट कँडी कंपनीची ‘ब्लू मंडे’ ही अशीच, डार्क चॉकलेटमध्ये बुडवलेली क्रीम कँडी आहे. चिवट अवस्थेतले तुकडे बुडवले तर त्यांच्या चिकट अंगावर लेप नीट बसत नाही. कडवट डार्क चॉकलेट घ्या, मिल्क चॉकलेटने सगळंच गोड गोड होतं. साधे तुकडे हवाबंद डब्यात, थंड आणि कोरड्या जागी दोन-तीन आठवडे चांगले राहतात. पुढे ते कोरडे पडत जातात.